गणिताच्या परिषदेला जायचे कसे? बारामती-इंदापूरच्या विद्यार्थ्यांसाठी

परिषद हा शब्द आपल्या समाजाला नवा नाही. माणगावची परिषद मार्च १९२० ची, महाडची १९२७ ची, येवल्याची १९३५ ची. लंडनच्या गोलमेज परिषदांबद्दल तर आपल्या घरातली शाळकरी मुलेही सांगतात. त्याही मागे गेलो तर राजगृह, वैशाली आणि पाटलीपुत्र येथील धम्मसंगीती आहेत. एकत्र बसून बोलणे, तपासणे आणि मग ठरवणे ही आपली जुनीच रीत आहे.

तरीही एमएस्सी गणित करणाऱ्या आपल्याच मुलाला किंवा मुलीला विचारा, ‘गणिताच्या परिषदेला कधी गेलास का?’ उत्तर बहुतेक वेळा दोनपैकी एक येते. ‘ते पीएचडीवाल्यांचे असते’ किंवा ‘हो, ऑनलाइन केली, सर्टिफिकेट आहे.’ या दोन्ही उत्तरांमागे एकच अडचण आहे. परिषद म्हणजे नक्की काय, तिथे कोण जाऊ शकते आणि तिथून काय मिळते, हे कोणी सांगितलेलेच नाही.

आम्ही बारामती आणि इंदापूर तालुक्यांत विद्यार्थ्यांसोबत काम करतो. आमचे शिक्षण समाजशास्त्राचे. प्रमेयाची सिद्धता आमच्याकडून मागू नका. पण कोणाची मुले कुठवर पोहोचतात आणि कुठे अडतात, हा आमच्या अभ्यासाचा विषय आहे. त्या नजरेतून हा लेख लिहीत आहोत.

माहिती कुठे फिरते?

गणिताला प्रयोगशाळा लागत नाही. वही, पेन, पुस्तके आणि विचार करायला वेळ एवढ्यावर काम चालते असे आपण समजतो. ते अर्धेच खरे आहे. कोणता प्रश्न आज महत्त्वाचा आहे, कोणता आधीच सुटला आहे, कोणत्या संस्थेत कोण चांगले मार्गदर्शन करते, पुढच्या वर्षी कुठे जागा निघणार आहेत, या गोष्टी पाठ्यपुस्तकात छापलेल्या नसतात. त्या व्याख्यानानंतरच्या चहाच्या वेळी, जेवणाच्या रांगेत, वसतिगृहाच्या खोलीत कळतात.

पुण्यात पाषाणला आयसर आहे, गणेशखिंडीला विद्यापीठ आहे. तिथल्या विद्यार्थ्याला या गोष्टी चालता-बोलता कानावर पडतात. ज्याच्या घरात आधीच कोणी प्राध्यापक आहे, त्याला त्या जेवणाच्या ताटावर कळतात. बारामतीपासून पुणे साधारण १०० किलोमीटर. इंदापूरपासून आणखी लांब. पण आपल्या मुलांच्या बाबतीत रस्त्याचे अंतर ही लहान अडचण आहे. घरातून शिकणारी पहिलीच पिढी, आणि ओळखीचे कोणी नाही, हे अंतर मोठे आहे. ओळख वारशाने मिळाली नाही, तर ती स्वतः जाऊनच करावी लागते. परिषद ही त्यासाठीची सर्वात स्वस्त आणि सरळ जागा आहे.

बाबासाहेब आणि कापरेकर

‘मी अजून विद्यार्थी आहे, मी काय बोलणार?’ असे वाटत असेल तर १९१६ आठवा. त्या वर्षी ९ मे रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. ते तेव्हा २५ वर्षांचे विद्यार्थी होते. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले, केतकर अशा नामांकित अभ्यासकांच्या जातीच्या व्याख्या त्यांनी एकेक करून तपासल्या, त्यांतल्या उणिवा दाखवल्या आणि मग स्वतःचे म्हणणे मांडले. पुढच्या वर्षी, १९१७ मध्ये, तो निबंध ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात छापून आला. क्रम लक्षात घ्या. आधी जाणकारांसमोर मांडणी, मग छपाई. आणि तिथवर पोहोचण्याचा खर्च बडोद्याच्या शिष्यवृत्तीतून झाला होता, हेही विसरू नका.

दुसरे उदाहरण गणितातले आणि आपल्या महाराष्ट्रातले आहे. द. रा. कापरेकर नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक होते. पीएचडी नाही, विद्यापीठात नोकरी नाही. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. यापुढे ६१७४ च येत राहते. कोणतीही संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच पोहोचतो. हे त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत जाहीर केले. देशात त्यांच्या कामाची फारशी दखल घेतली गेली नाही. पण १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिले आणि आज जगभर ६१७४ ला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात. देवळालीच्या शाळेतला मास्तर मद्रासला जाऊन चार लोकांसमोर उभा राहिला, हे त्यातले शिकण्यासारखे.

भारतीय गणित परिषदेची, म्हणजे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीची, सुरुवातही अशीच आहे. १९०७ मध्ये ती स्थापन करणारे व्ही. रामस्वामी अय्यर हे महसूल खात्यात डेप्युटी कलेक्टर होते. सोसायटीचे ग्रंथालय पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात होते. तिची पहिली परिषद १९१६ मध्ये मद्रासला भरली. म्हणजे ज्या वर्षी बाबासाहेब कोलंबियात निबंध वाचत होते, त्याच वर्षी.

नावे वेगळी, कामे वेगळी

सूचना वाचताना गोंधळ होतो, म्हणून आधी शब्द समजून घेऊ.

कलोक्वियम किंवा सेमिनार म्हणजे एखाद्या विभागात होणारे, साधारण तासाभराचे एक व्याख्यान. यातली बरीचशी खुली असतात. आयोजकांना आधी मेल करून विचारायचे आणि गेटवर दाखवायला कॉलेजचे ओळखपत्र जवळ ठेवायचे.

स्कूल म्हणजे दोन ते चार आठवड्यांचे शिबिर. सकाळी व्याख्यान, दुपारी गणिते सोडवण्याचे सत्र. शिकणाऱ्यांसाठीच असते. एमएस्सीच्या विद्यार्थ्याने सुरुवात इथूनच करावी.

वर्कशॉप म्हणजे एकाच विषयावर काही दिवस चालणारे काम.

कॉन्फरन्स म्हणजे परिषद. तिच्यात मोठ्या गणितज्ञांची मुख्य व्याख्याने असतात, आणि ज्यांना स्वतःचे काम सांगायचे आहे त्यांना १० ते २० मिनिटे मिळतात. काही ठिकाणी पोस्टर लावता येते.

यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट अशी, की परिषदेला जाण्यासाठी स्वतःचा पेपर लागत नाही. नुसते ऐकायला येणारे विद्यार्थी प्रत्येक परिषदेत असतात आणि त्यात कमीपणा काही नाही. तसेच गणितात कोणी छापील निबंध वाचून दाखवत नाही. फळ्यावर किंवा स्लाइडवर व्याख्या, उदाहरण, प्रमेय आणि सिद्धतेचा मुख्य धागा सांगतात. इंग्रजी तोडके असले तरी फळ्यावरची ओळ बरोबर असेल तर समोरचा समजून घेतो. ही सवलत इतर विषयांत सहज मिळत नाही.

पैसे न भरता कुठे जाता येते?

एमटीटीएस हा कार्यक्रम १९९३ पासून चालू आहे. प्रा. एस. कुमारेसन यांनी तो सुरू केला. उन्हाळ्याच्या सुट्टीत, साधारण चार आठवडे, बीएस्सी आणि एमएस्सीच्या निवडक विद्यार्थ्यांना गणितात विचार कसा करायचा हे शिकवतात. पाठांतर तिथे चालत नाही. वर्गात प्रत्येकाला बोलावे लागते.

दुसरा मार्ग एटीएम स्कूल्सचा. टीआयएफआर आणि आयआयटी मुंबई यांचे नॅशनल सेंटर फॉर मॅथेमॅटिक्स ही स्कूल्स देशभर भरवते. त्यातल्या ‘ॲन्युअल फाउंडेशन स्कूल’मध्ये बीजगणित, विश्लेषण, टोपोलॉजी असे पाया पक्का करणारे विषय असतात. पीएचडीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्यांसाठी ती फार उपयोगाची आहेत.

दोन्हीकडे निवड झाली की राहण्या-जेवणाची आणि प्रवासखर्चाची सोय होते. त्या वर्षीच्या सूचनेत नेमके काय दिले आहे ते वाचून घ्या. हा पैसा मुख्यतः नॅशनल बोर्ड फॉर हायर मॅथेमॅटिक्सकडून येतो. हे मंडळ अणुऊर्जा विभागाने १९८३ मध्ये नेमले. म्हणजे तो सार्वजनिक पैसा आहे. त्यावर इंदापूरच्या विद्यार्थ्याचा हक्क मुंबईच्या विद्यार्थ्याइतकाच आहे.

मुलींसाठी ‘इंडियन विमेन अँड मॅथेमॅटिक्स’ या गटाच्या परिषदा आणि कार्यशाळा होतात. पुण्यात १९७६ मध्ये श्रीराम अभ्यंकर यांनी स्थापन केलेले भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे. तिथल्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा.

पीएचडी करणाऱ्यांपैकी ज्यांना बार्टीची किंवा अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय फेलोशिप आहे, त्यांनी आपल्या फेलोशिपमधल्या आकस्मिक खर्चात परिषदेचा प्रवास बसतो का, हे विभागात विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. ‘बसत नाही’ असे तोंडी सांगितले म्हणून गप्प बसू नये.

प्रमाणपत्राचा बाजार

आता दुसऱ्या उत्तराकडे येऊ. ‘ऑनलाइन केली, सर्टिफिकेट आहे.’

हे कुठून आले? यूजीसीच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे पीएचडीचा प्रबंध देण्याआधी एक शोधनिबंध छापणे आणि परिषदांत दोन वेळा सादरीकरण करणे सक्तीचे होते. प्राध्यापकांच्या बढतीतही अशा सादरीकरणांना गुण होते. सक्ती आली की बाजार आला. एका दिवसाची ‘आंतरराष्ट्रीय परिषद’, तिच्यात वाणिज्य, मराठी, गणित, शारीरिक शिक्षण सगळे एकत्र, फी भरा आणि प्रमाणपत्र घ्या. नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत यूजीसीने ही देशपातळीवरची सक्ती काढून टाकली. विद्यापीठ आपला वेगळा नियम ठेवू शकते, म्हणून आपल्या विद्यापीठात विचारून घ्या. सक्ती गेली तरी सवय राहिली आहे.

या बाजारात सर्वात जास्त कोण फसतो? ज्याला खरी परिषद कशी असते हे सांगायला कोणी नाही, तो. ऊसतोडीच्या किंवा एमआयडीसीतल्या कंत्राटी मजुरीच्या पैशातून अशी फी जाते, तेव्हा ते नुसते शैक्षणिक नुकसान राहत नाही. आणि पुढे एखाद्या चांगल्या संस्थेत मुलाखतीला बसल्यावर त्या दहा प्रमाणपत्रांकडे कोणी पाहत नाही. तिथे विचारतात, ‘तुला आवडलेले एक प्रमेय सांग आणि सिद्ध करून दाखव.’

खरे-खोटे ओळखायला पाच प्रश्न पुरेत. एक, व्याख्यात्यांची नावे आणि वेळापत्रक आधी जाहीर आहे का? दोन, ते व्याख्याते गणितात काम करतात का? झेडबीमॅथ ओपन या संकेतस्थळावर नाव टाकून हे फुकट पाहता येते. तीन, पैसा कोणत्या सार्वजनिक संस्थेचा आहे? चार, गोषवारा पाठवल्यावर दोन दिवसांत ‘स्वीकारला, आता फी भरा’ असे आले का? पाच, हजर न राहता प्रमाणपत्र मिळते का? शेवटच्या दोन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल तर पैसे खिशातच ठेवा.

छोट्या कॉलेजातली प्रत्येक परिषद खोटी, असा याचा अर्थ नाही. आपल्या तालुक्यातल्या कॉलेजाने एका चांगल्या गणितज्ञाला बोलावून दिवसभर खरी चर्चा घडवली, तर तिला जरूर जा. मोजायचे ते चर्चेवरून, बॅनरवरच्या ‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दावरून नाही.

अर्जापासून परत येईपर्यंत

अर्जात बहुधा एका शिक्षकाचे शिफारसपत्र लागते. आपली मुले सरांकडे मागायला लाजतात आणि तारीख निघून जाते. तीन आठवडे आधी मागा. सोबत गुणपत्रिका, तुम्ही स्वतः वाचलेल्या पुस्तकाचे नाव आणि सूचनेचा दुवा द्या. शिक्षकाचे काम सोपे केले की पत्र चांगले येते. अर्जात ‘मला गणिताची आवड आहे’ एवढेच लिहू नका. कोणता भाग वाचला, कुठे अडला, ते लिहा.

प्रवासाचे आधीच बघा. बारामतीकरांना दौंड, इंदापूरकरांना भिगवण किंवा दौंड गाठून लांबच्या गाड्या मिळतात. रेल्वेची विद्यार्थी सवलत कोणत्या प्रवासाला लागू होते, ते कॉलेजच्या कार्यालयात विचारा. मुलगी पहिल्यांदाच बाहेरगावी राहणार असेल तर घरी काळजी असते आणि ती रास्त आहे. निवडपत्र, वसतिगृहाचा पत्ता आणि आयोजकांचा फोन घरच्यांच्या हातात द्या. दोघी मिळून अर्ज केला तर आणखी बरे. गरज पडल्यास विहारातले जाणते कार्यकर्ते घरी जाऊन बोलू शकतात.

व्याख्यानात पहिली १५ मिनिटे समजतील, पुढचे डोक्यावरून जाईल. घाबरू नका. तिथे बसलेल्या बऱ्याच प्राध्यापकांचेही तसेच होते. ते फक्त बोलून दाखवत नाहीत. वहीत तीन गोष्टी टिपा: एक नवी व्याख्या, एक उदाहरण, एक न समजलेला शब्द. चहाच्या वेळी व्याख्यात्याजवळ जाऊन एवढेच विचारा, ‘या व्याख्येचे सर्वात सोपे उदाहरण कोणते?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला कोणी मूर्ख समजत नाही.

तथागतांनी कालामांना काय सांगितले, ते आपण वंदनेनंतरच्या प्रवचनात नेहमी ऐकतो. गुरू सांगतो म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, स्वतः तपासा. गणितात हा नियम रोजचा आहे. मोठे पारितोषिक मिळवलेल्या माणसालाही विद्यार्थी विचारू शकतो, ‘ही पायरी कशी आली?’ उत्तर द्यावेच लागते. ॲण्ड्र्यू वाइल्स यांनी जून १९९३ मध्ये केंब्रिजच्या परिषदेत फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता जाहीर केली. तपासणीत त्यात त्रुटी निघाली. १९९४ मध्ये रिचर्ड टेलर यांच्या मदतीने ती दुरुस्त झाली आणि १९९५ मध्ये छापून आली. चूक दाखवली म्हणून कोणाचा अपमान झाला नाही, काम पक्के झाले.

सगळेच गोड असते असे मात्र आम्ही सांगणार नाही. खोलीत कोणी आडनाव खोदून विचारेल, कोणी ‘रँक किती होती?’ म्हणेल, कोणी तालुक्याच्या कॉलेजचे नाव ऐकून नजर फिरवेल. अशा वेळी एकटे पडू नका. पहिल्या दिवशीच दोन-तीन जणांशी सोबत बसून गणिते सोडवायची ओळख करा. सोबत सोडवलेले गणित बहुतेकदा आडनावाच्या चौकशीपेक्षा जास्त टिकते. आणि कोणी उघड अपमान केला, तर तारीख, वेळ लिहून ठेवा आणि आयोजकांना लेखी कळवा.

परत आल्यावर आठवड्याच्या आत दोन कामे करा. ज्यांच्याशी बोललात त्यांना चार ओळींचा मेल करा: कोण आहात, कोणत्या व्याख्यानात भेटलात, काय वाचायला सांगितले होते, ते सुरू केले का. आणि शिकलेली एक गोष्ट आपल्या कॉलेजात किंवा अभ्यासिकेत फळ्यावर मांडा. तुमच्या मागच्या मुलीला तेव्हाच कळते, की हे दार आपल्यासाठीही आहे.

समाजाने काय करायचे?

स्कूलची निवड झाली तरी प्रवासाचे पैसे बहुधा नंतर मिळतात. आधी तिकीट काढायला पैसे लागतात आणि तिथेच अनेक जण थांबतात. ही रक्कम मोठी नसते, पण वेळेवर लागते. म्हणून आमची बारामती आणि इंदापूरच्या जयंती मंडळांना, विहार समित्यांना आणि नोकरदार बांधवांना एक सूचना आहे. वर्गणीतून एक छोटा प्रवासनिधी बाजूला काढा. विद्यार्थ्याने निवडपत्र दाखवायचे, त्याच दिवशी तिकिटाचे पैसे घ्यायचे, परतावा मिळाला की निधीत परत भरायचे. तेच पैसे पुढच्या विद्यार्थ्याला जातील. हिशेब विहारातल्या फळ्यावर लावायचा.

आणि अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांच्या जाहिरातींशेजारी एक कागद आणखी लावा: एमटीटीएस, एटीएम स्कूल्स आणि पुण्यातल्या खुल्या व्याख्यानांच्या तारखा. दर महिन्याला तो बदलण्याची जबाबदारी गणिताच्याच एका विद्यार्थ्यावर द्या. एवढे या महिन्यात करता येईल.

जय भीम.